पहिली ओळ कोणी द्यायची

आमच्या ह्यांचा आवाज देवाने अगदी फुरसतीत घडवला, असे चर्चच्या मंडळीतले लोक म्हणायचे. मला विचाराल तर आवाज फुरसतीत घडवला आणि मग उशीर झाला म्हणून स्वभाव घाईघाईत उरकून टाकला. पण मला कोणी विचारत नसे. लोक उपासना संपल्यावर ह्यांच्याभोवती गोळा व्हायचे आणि मी चपला शोधत बसायची.

आमच्या चर्चमध्ये बाजाची पेटी नाही. एकेकाळी होती, ती वाळवीने खाल्ली. नवी घ्यायचा विषय वडीलमंडळाच्या प्रत्येक सभेत निघायचा आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचे, "कशाला उगाच खर्च? दादा आहेत ना." दादा म्हणजे आमचे हे. त्यामुळे आमच्याकडे एक रीतच पडून गेली. पाळकसाहेबांनी गीत सांगितले की सगळे उभे राहायचे आणि गप्प व्हायचे. मग हे एकटे पहिली ओळ द्यायचे. दुसऱ्या ओळीला सगळी मंडळी त्यांच्या सुरावर चढायची. पहिली ओळ ह्यांची, बाकीचे गीत सगळ्यांचे. ओळ देण्याआधी हे जरा थांबायचे. लोकांना वाटायचे, दादा मनात प्रार्थना करताहेत. मी बायको आहे, मला कळते. सगळे आपल्या तोंडाकडे बघताहेत हे त्यांना दोन क्षण चाखायचे असायचे.

तरी खोटे कशाला बोलू, ओळ निघाली की माझ्याही अंगावर काटा यायचा.

गल्लीच्या तोंडाशी आमचे सोफे-खुर्च्या दुरुस्तीचे दुकान आहे. सांगाडा, पट्ट्या, स्प्रिंगा आणि काथ्या हे ह्यांचे खाते. कापड आणि मशीन माझे. पट्ट्या ठोकताना हे बारीक खिळ्यांची मूठ तोंडात भरायचे आणि जिभेने एकेक खिळा पुढे आणून हातोडीच्या चुंबकावर टेकवायचे. तेवढा वेळ दुकानात शांतता. खिळे संपले की गाणे सुरू. शेजारचा चहावाला म्हणायचा, "वहिनी, दादांना खिळे कमी देत जा." गिऱ्हाइके खुर्ची घ्यायला येऊन तिच्यावरच बसून राहायची आणि मला कामे पुढे ढकलावी लागायची.

मग आवाज बसला. सर्दी आहे म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. काढे झाले, गुळण्या झाल्या, गळ्याला मफलर झाला. शेवटी घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिले आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले की गाठ वाईट आहे, स्वरयंत्रच काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज नाही. मला पुढचे काही ऐकूच आले नाही. ह्यांनी मात्र एकच गोष्ट विचारली.

"रविवार होऊन गेल्यावर केलं तर चालेल?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिले.

त्या रविवारी ह्यांनी ओळ दिली. आवाज फाटलेला होता, वरच्या सुराला नुसती हवाच आली, पण दिली. पाळकसाहेब सोडले तर कोणाला काही माहीत नव्हते. लोक म्हणाले, दादा, घशाकडे बघा जरा.

शस्त्रक्रिया चांगली झाली. गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक राहिले, त्यातूनच आता श्वास. त्यावर बांधायला मऊ अस्तराच्या कापडाचे लहान लहान रुमाल मी शिवले. मला दुसरे काय येते? प्रत्येकाला कडेने टीपसुद्धा घातली. बोलण्यासाठी दवाखान्यातून एक बॅटरीचे यंत्र मिळाले, विजेरीएवढे. ते गळ्याला टेकवून तोंड हलवायचे, म्हणजे त्याच्या गुणगुणण्यातून शब्द उमटतात. मी त्याला भुंगा म्हणायला लागले. भुंग्याच्या बोलण्याला चढ नाही, उतार नाही. राग असो की लाड, सगळे एकाच पट्टीत.

घरी आल्यावर भुंगा लावून हे पहिले वाक्य बोलले ते "चहा दे." मला इतके रडू आले की विचारू नका. हे पुन्हा बोलले होते, माझ्याशी बोलले होते, चहाच मागितला होता! ह्यांना वाटले, आवाज ऐकून रडते आहे. त्यांनी भुंगा खणात टाकला. मी किती समजावले, पण एकदा डोक्यात शिरलेले ह्यांच्या डोक्यातून निघत नाही. त्यानंतर भुंगा बाहेर यायचा तो फक्त गिऱ्हाइकासाठी. किती दिवस लागतील, कापड कोणते, बस्स. माझ्याशी हातवारे.

आणि चर्च बंद. आधी टाके होते. मग खोकला होता. मग नुसताच नकाराचा हात. मी एकटी जायची. तिथे पहिल्या ओळीचे पार बारा वाजले होते. पाळकसाहेबांनी स्वतः दिली तर इतकी उंच की बायका अर्ध्यात गळाल्या. शाळेतल्या बाईंनी दिली तर दुसऱ्याच गीताची चाल लागली आणि तिसऱ्या कडव्यात ते लक्षात आले. हे सगळे मी घरी येऊन नक्कल करून दाखवायची. वाटायचे, हसतील. हे भिंतीकडे तोंड करून बसायचे.

तेही चालले असते. पण जेवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लग्न झाल्यापासून आमच्या घरात ह्यांनी प्रार्थना केल्याशिवाय कोणी घासाला हात लावला नव्हता. लेक लहानपणी कुरकुरायची, "बाबा, देवाला थोडक्यात सांगा ना, भूक लागलीय." आता हे ताट पुढे आले की मान खाली न घालता सरळ जेवायला लागायचे. भुंगा नको, मनात करा, कोण ऐकायला बसले आहे! पण नाही. मी समोर बसून मनातल्या मनात आमेन म्हणायची. दवाखान्यात मी ह्यांना गमावले नव्हते. आता डोळ्यांदेखत गमावते आहे असे वाटायला लागले. लेकीला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "आई, वेळ दे त्यांना." वेळ देऊन देऊन माझ्याकडचा संपला होता.

एका दुपारी दातांच्या डॉक्टरांच्या बाकाचे काम चालले होते. हे पट्ट्या ताणत होते, मी कव्हरच्या कडेला गोट शिवत होते. मी मशीन थांबवले.

"या रविवारी चला."

हात हलला. नाही.

"नुसते हात हलवू नका. बोला माझ्याशी. मी काय गिऱ्हाईक नाही म्हणून बोलायचं नाही?"

ह्यांनी खण उघडला, भुंगा काढला, गळ्याला लावला. "कशाला जायचं?"

"कशाला म्हणजे? उपासनेला."

"देवाला देण्यासारखी एकच वस्तू होती माझ्याकडे. ती गेली. आता रिकाम्या हाताने जाऊन काय बसू?"

भुंग्याच्या पट्टीत ते वाक्य औषधाचा डोस सांगावा तसे आले. कोणी दुसरे असते तर त्याला यातले दुःख कळले नसते. मला कळले, आणि दया यायच्या ऐवजी माझे डोकेच फिरले.

"रिकाम्या हाताने? मग मी इतकी वर्षं काय घेऊन जात होते?"

ह्यांनी भुवया वर केल्या.

"लग्नानंतरचा पहिला रविवार. मी तुमच्या शेजारी उभी. नवीन साडी, नवीन नवरा, मी आनंदाने मोठ्याने गायला लागले. तुम्ही कानाशी वाकून काय म्हणालात? अगं, तू जरा मनातल्या मनात गा, माझा सूर हलतो. आठवतं?"

आठवत नव्हते. चेहऱ्यावर दिसत होते.

"त्या दिवसापासून मी नुसते ओठ हलवते. लेकीच्या बाप्तिस्म्याला ओठ हलवले. माझी आई गेली त्या रविवारी ओठ हलवले. कोणाला कळलं नाही, तुम्हालाही नाही. तुम्ही पुढे बघून गात होता."

ह्यांचा भुंगा खाली आला. मी थांबायला हवे होते, पण मला थांबता आले तर ना.

"आता तुम्हीच सांगा. माझं एवढ्या वर्षांतलं देवाला काही पोचलं की नाही? आवाज नाही म्हणजे काहीच नाही, असं असेल तर माझी सगळी उपासना पाण्यात गेली. मग तुम्ही म्हणता तेच बरोबर. तुम्ही घरी बसा, मीही बसते. दोघं मिळून रविवारीसुद्धा सोफे ठोकू."

ह्यांनी भुंगा बाकाच्या सांगाड्यावर ठेवला. मग उठले, माझ्या मशीनपाशी आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. हात काथ्याने भरलेला होता. माझ्या केसांत सगळा काथ्या. मी तो झटकला नाही.

शनिवारी इस्त्रीच्या कपड्यांवर त्यांचा पांढरा शर्ट येऊन पडला, आणि त्यावर घडी घालून गळ्याचा रुमाल.

इथे मी एक गाढवपणा केला. आनंद पोटात मावेना म्हणून पाळकीणबाईंना फोन करून सांगितले की हे उद्या येताहेत. झाले! आमच्या मंडळीत बातमीला पाय नसतात, पंख असतात. वडीलमंडळाचे प्रमुख निवृत्त पोस्टमास्तर. फार सज्जन माणूस, आणि सज्जन माणसांना एकदा कल्पना सुचली की त्यांना आवरणे अवघड. संध्याकाळी त्यांनी घरोघर निरोप फिरवला. पाळकसाहेब दुसऱ्या गावी प्रार्थनेला गेलेले, ते परत येईपर्यंत सगळे ठरून गेले होते.

रविवारी आम्ही दारात शिरलो आणि मला काहीतरी विचित्र वाटले. सगळे जरा जास्तच हसत होते. हवापाण्याच्या गप्पा करत होते. घसा हा शब्द कोणाच्या घशातून निघत नव्हता. ह्यांचा पुढच्या बाकावरचा कोपरा लोकांनी रिकामा ठेवला होता, पण हे तिकडे गेले नाहीत. सगळ्यात मागच्या बाकावर बसले. मी शेजारी.

पाळकसाहेब उभे राहिले. पहिले गीत सांगितले, आणि मग पोस्टमास्तरांकडे एक नजर टाकून अवघडल्यासारखे म्हणाले, "आज आपण गीतं एकत्र वाचू या."

आणि लोकांनी वाचले. देवाचे गीत, नळपट्टीची नोटीस वाचावी तसे सगळे एका दमात वाचून खाली बसले. मला आधी कळेचना. मग पोस्टमास्तरांनी हळूच मागे वळून आमच्याकडे पाहिले. सगळे नीट जमले आहे ना, दादांना लागले तर नाही ना, असे ते पाहणे होते, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादांना गाता येत नाही, तर त्यांच्यासमोर कोणीच गायचे नाही! माया होती ती. खरी माया. पण असली माया आमचेच लोक करू जाणोत.

मी ह्यांच्याकडे पाहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी म्हटले, संपले. हा माणूस आता उठणार आणि पुन्हा कधी या दारात पाय ठेवणार नाही.

वचन वाचून झाले. दुसरे गीत आले. ते सकाळचे गीत, जे आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ आहे. लोक उभे राहिले आणि वाचायला लागले.

"थांबा."

भुंग्याचा आवाज भिंतींना लागून परत आला. मुले गर्रकन वळली. हे उभे होते, गळ्याशी हात.

"हे माझ्यासाठी केलंत?"

पोस्टमास्तर आपल्या पायाची बोटे पाहत होते.

"माझा आवाज गेला," हे म्हणाले. "देवाचं गाणं कशाला घालवता?"

मग जरा थांबले. या वेळी थांबणे चाखण्यासाठी नव्हते, छातीत दम भरत होते. आणि त्यांनी ओळ दिली.

"पहाट तुझी रे, गाणे तुझे."

एकाच पट्टीत. पहाट जिथे, तिथेच गाणे. ज्या ओळीवर ते आवाज चढवून न्यायचे आणि लोकांचे श्वास अडकायचे, ती ओळ सपाट येऊन चर्चच्या मधोमध पडली. लोकांनी तोंडे उघडली होती. पण कुठून धरायचे ते कोणालाच कळेना. चाल कुठे होती त्यात? सगळे तसेच उभे, उघड्या तोंडांनी, आणि ती शांतता वाढत चालली. ह्यांचा हात गळ्यापासून हळूहळू खाली यायला लागला. मी त्यांचा चेहरा पाहिला. देवा, मी म्हटले, एवढे नको. आवाज घेतलास तो घे, पण ह्याने दिलेले कोणी उचलले नाही असे नको होऊ देऊ.

मी ठरवून काही केले नाही. दुसरी ओळ माझ्याच तोंडातून बाहेर पडली.

"तुझेच घेऊन आलो पुढे."

मोठ्याने. फार मोठ्याने. चाल एका गल्लीत आणि मी दुसऱ्या. पुढच्या बाकावरच्या एका आजींनी दचकून मागे पाहिले. एवढ्या वर्षांत माझा आवाज कोणी ऐकलाच नव्हता, आणि ऐकला तो असा! मला वाटले आता हे डोळे मिटून घेतील. सूर हलतो म्हणतील.

ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मग भुंगा पुन्हा गळ्याला लावला आणि माझ्याबरोबर तिसरी ओळ धरली.

तिथून पोस्टमास्तर आले, घोगऱ्या आवाजात. मग शाळेतल्या बाई. मग सगळे, ज्याला जिथून जमेल तिथून. सांगायला लाज वाटते इतके वाईट गायलो आम्ही. पहिले कडवे म्हणजे नुसता बाजार. पण भुंगा एकाच सुरात चालला होता. न चढता, न उतरता, न थकता. आणि दुसऱ्या कडव्यात कोणीतरी त्या सुराला येऊन टेकले. मग आणखी कोणी. चालत चालत दमलेला माणूस भिंतीला हात लावून उभा राहतो, तसे एकेक आवाज त्या एका सुराला हात लावून नीट होत गेले. तिसऱ्या कडव्यात सगळी मंडळी त्याच्यावर उभी होती. मी सोडून. मला तो सूर शेवटपर्यंत सापडला नाही, आणि मी शेवटपर्यंत गायले.

गीत संपले. सगळे बसले. कोणी नाक शिंकरत होते. हे माझ्याकडे झुकले. काहीतरी कानात सांगायचे होते, जुन्या सवयीने. पण भुंग्याला कुजबुज कुठली येते! सगळ्या चर्चला ऐकू गेले.

"अगं, शब्द किती चांगले आहेत गं याचे."

आमच्या पुढची एक मुलगी फिसकन हसली, मग सगळेच हसले, पाळकसाहेबसुद्धा. ह्यांना कळेना लोक का हसताहेत. माझे मात्र हसू येता येता डोळे भरले. ज्या गीताची ओळ या माणसाने उभा जन्म दिली, त्याचे शब्द त्याने आज पहिल्यांदा ऐकले होते. आजपर्यंत ते स्वतःला ऐकत होते. मीही त्यांनाच ऐकत होते. आम्ही सगळेच.

"आपण प्रार्थना करू या," पाळकसाहेब म्हणाले.

ह्यांनी भुंगा बाकावर ठेवला, हात जोडले आणि मान खाली घातली. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला कळले नाही. कळायची गरजही नव्हती, ते माझ्याशी बोलत नव्हते. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात हे मला ठाऊक आहे. मी मिटले नाहीत. पाळकसाहेबांचे आमेन येईपर्यंत मी ह्यांची वाकलेली मान पाहत बसले.

आमेन झाले. सगळ्यांनी माना वर केल्या. ह्यांची प्रार्थना अजून संपली नव्हती.